मुक्ताबाईचा सातशे चार

हिंजवडीच्या पुढे, कंपन्यांच्या बसगाड्या जिथून वळून परत फिरतात, तिथं तीन टॉवर उभे आहेत. दिवेलागणीला खालून बघा. निम्म्याहून जास्त खिडक्या अंधारात. नवखा माणूस म्हणतो, मंडळी अजून ट्रॅफिकमध्ये अडकली असतील. अडकतायत कसली! तिथं कोणी राहतच नाही. सोनं जसं कपाटात ठेवतात तशी कुलपात ठेवलेली घरं आहेत ती. आणि त्याच टॉवरच्या कुंपणाला खेटून पत्र्याच्या खोल्यांची रांग आहे. तिथं एकेका खोलीत पाच-पाच, सहा-सहा पोरं पाळीपाळीनं झोपतात, कारण वरचं घर त्यांना परवडत नाही. ह्या सगळ्याला मिळून आपल्याकडे विकास म्हणतात.

त्या बंद फ्लॅटांच्या किल्ल्या मुक्ताबाईकडे होत्या.

सगळ्यांच्या नाही, साईनाथच्या वाट्याच्या. साईनाथ तिचा धाकटा भाऊ. जमीन त्याची, बांधकाम बिल्डरचं आणि जमिनीच्या बदल्यात चौदा फ्लॅट, असा सौदा झाला होता. त्यातले दोन-तीन त्यानं विकले, बाकीच्यांना कुलूप. मुक्ताबाईनं रोज त्यातले काही उघडायचे, खिडक्या सताड करायच्या, सगळे नळ घटकाभर सोडायचे, संडासात पाणी ओढायचं. नाहीतर मोरीच्या जाळीखालचं पाणी आटतं, गटाराचा वास घरभर पसरतो आणि झुरळं वर चढतात. गॅलरीतली कबुतरांची घाण खरवडायची, भिंतीला ओल धरलीय का बघायचं, आणि पुन्हा सगळं बंद. खाली टँकर उशिरा आला म्हणून राहणारी माणसं एकमेकांच्या अंगावर धावून जात, तेव्हा वर मुक्ताबाई कोणी न वापरणारं पाणी मोरीत सोडत असायची.

एकदा तिनं साईनाथला विचारलं होतं, "आरं, भाड्यानं तरी दे की. पोरं खोल्यांसाठी वणवण फिरत्यात."

"भाडं येऊन येऊन येनार किती, आक्का? भिंती खराब, नळ तुटनार, आन एखादा बसला ठान मांडून तर उठवायला वकील. कुलपाला काय भूक लागती का? रेट बघ, दर साली चढतोय. उभं पीक हाय हे. खत नको, पानी नको."

"पानी तर म्याच घालतीया की," मुक्ताबाई म्हणाली.

साईनाथ खो खो हसला. हसायला तो चांगला होता.

बाकीच्या फ्लॅटांत मुक्ताबाई पायातल्या चपलेनंच फिरायची. बी विंगचा सातशे चार उघडताना मात्र चप्पल दाराबाहेर काढायची. कारण सातशे चार तिचा होता. साईनाथनंच तसं म्हटलं होतं. आता कधी म्हटलं आणि कशाच्या बदल्यात, ते सांगायला थोडं मागं जावं लागेल.

जिथं टॉवर आहेत तिथं मुक्ताबाईच्या वडलांची, रंगरावांची भाताची खाचरं होती. आंबेमोहोर पिकायचा. रंगरावांना आधी सोजर झाली, मग मुक्ता, आणि नवससायास करून साईनाथ. आई खाचरात वाकलेली असायची आणि साईनाथ मुक्ताच्या कडेवर. त्याच्यापायी तिची शाळा चौथीत सुटली. तिला त्याचं काही वाटलं नाही, कारण त्या घरात कोणालाच त्याचं काही वाटलं नव्हतं. पुढे आई गेली, मग रंगराव गेले. तलाठ्यानं सातबाऱ्यावर तिन्ही भावंडांची नावं चढवली. तोवर कंपन्या आल्या होत्या, आणि ज्या खाचराला कोणी फुकट विचारत नव्हतं त्याच्या बांधावर चकचकीत गाड्या येऊन उभ्या राहायला लागल्या होत्या.

कायदा म्हणतो, बापाच्या जमिनीत लेकीचा वाटा लेकाइतकाच. कायदा छान आहे. पण त्या पट्ट्यात कायद्यापेक्षा जुनी एक रीत आहे, तिचं नाव हक्कसोड. जमिनीला भाव आला की भाऊ बहिणींना गाडीत घालून निबंधकाच्या कचेरीत नेतो. बहिणी अंगठे देतात, सह्या करतात, फोटो काढून घेतात आणि आपला वाटा भावाला सोडून देतात. फुकट. बदल्यात साडी. आणि साडीहून मोठी गोष्ट म्हणजे माहेर. जी सही देत नाही तिच्यासाठी भावाच्या घराचा उंबरा एकदम उंच होतो. दिवाळीला बोलावणं नाही, लेकीच्या लग्नात अक्षता टाकायला मामा नाही. तिकडच्या बायकाच एकमेकींना बजावतात, "वाटा मागितला की वाट बंद." शिकलेल्या लेकी, कंपनीत जाणाऱ्या लेकीसुद्धा हीच चूक करतात आणि तिला माया म्हणतात. तेव्हा चौथीत शाळा सुटलेल्या मुक्ताबाईला कोण बोल लावणार?

कचेरीतल्या माणसानं विचारलं होतं, "मावशी, राजीखुशीनं देताय ना? कोणाची जबरदस्ती नाही ना?"

मुक्ताबाई उसळली होती. "सख्ख्या भावाला देतीया. जबरदस्ती कसली?"

परत येताना साईनाथ गाडी चालवत होता. मागे दोघी बहिणी, मांडीवर लक्ष्मी रोडच्या दुकानातले साड्यांचे खोके. साईनाथनं आरशातून मागं बघितलं आणि म्हणाला, "आक्का, हितं बिल्डिंग हुईल तवा एक फ्लॅट तुजा. सातव्या मजल्यावरचा. वरनं म्हातोबाचं देऊळ दिसंल बघ."

"आन मला रं?" सोजरबाईनं विचारलं.

"तुजं काय, तुला सासरी बंगला हाय. तुज्या पोराला नोकरी लावतो."

सगळे हसले. मुक्ताबाईनं पदर डोळ्याला लावला. लिहून घे, असं तिला कोणी सांगितलं असतं तर तिनं त्या माणसाचं थोबाड फोडलं असतं. भावाकडून लिहून घ्यायचं असतं का कुठं?

आणि तिला घराची गरज नव्हती असं नाही. तिचा नवरा स्वारगेटजवळ टायरच्या दुकानात कामाला होता. तिथंच मागल्या गल्लीत एक खोली होती. मालकानं ती जागा बिल्डरला दिली, मग धनकवडी. तिथं भाडं चढलं, मग आंबेगाव. पुण्यात भाड्याचा करार अकरा महिन्यांचा. मुदत भरली की मालक एकतर भाडं वाढवतो, नाहीतर सांगतो, "अहो, भाचा येतोय राहायला." कंसाला एक भाचा जड गेला. पुण्यातल्या घरमालकांना दर अकरा महिन्यांनी नवा भाचा होतो. सामान बांधून बांधून मुक्ताबाईच्या पितळी भांड्यांना पोचे आले. दर वेळी ती नवऱ्याला म्हणायची, "थोडं दीस. माज्या भावाची बिल्डिंग हुतीया."

बिल्डिंगचा सांगाडा उभा राहिला तोवर नवरा गेला. साईनाथ दहाव्याला आला, बहिणीच्या गळ्यात पडून रडला आणि म्हणाला, "आक्का, चल माज्याकडं. बिल्डिंग हुईस्तवर खोलीत ऱ्हा. भाडं नको काय नको. मागनं माज्या फ्लॅटांकडं तेवढं बघ."

खोली म्हणजे जुना गोठा. गव्हाणी काढून मध्ये पत्रे मारलेले. वर सांगितली ती पोरांची रांग तीच. बाकीच्या खोल्यांचं भाडं साईनाथची बायको कल्याणी महिन्याच्या महिन्याला गोळा करायची. मुक्ताबाईकडून घ्यायची नाही, आणि मुक्ताबाईला पगारही द्यायची नाही. दोन्हीकडून उपकार मुक्ताबाईवरच.

टॉवर पुरे झाले, किल्ल्या आल्या. सातशे चारच्या स्वयंपाकघरात खिडकीशी कुठं गॅस, कुठं पाण्याचा माठ, हे मुक्ताबाईनं पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. ओट्याखालच्या कप्प्यात, कोणाला दिसू नये अशी, हळदकुंकवाची दोन बोटं ओढली. दुपारची कामं संपली की फरशीवर बसून डब्यातली भाकरी तिथं खायची. देऊळ खरंच दिसायचं. साईनाथ तेवढं खरं बोलला होता.

लेक ऋतुजा आता लोणी काळभोरच्या एका कॉलेजच्या ऑफिसात लागली होती. शहराच्या ह्या टोकावरून त्या टोकाला जायला तिचा सकाळचा जीव जायचा. ती विचारायची, "आई, मामानं लिहून काय दिलंय?"

"लिवून कशाला? तोंडानं दिलंय की."

"तोंडाला नंबर असतो का, आई? दस्ताला असतो."

"लई शिकलीस," मुक्ताबाई म्हणायची आणि विषय संपवायची. पण साईनाथकडे गोष्ट काढायला तिनं सुरुवात केली होती. तो म्हणायचा, पूर्णत्वाचा दाखला यायचाय. मग सोसायटी व्हायची होती. मग पितृपक्ष होता. मग कल्याणीच्या भावाकडे लग्न होतं. टॉवरच्या भिंतींचा रंग एकदा उडून दुसऱ्यांदा लागला.

आणि एका सकाळी फोन आला. "आक्का, सातशे चार जरा झाडूनपुसून ठेव. अकराला केयूर येतोय."

केयूर म्हणजे साईनाथच्या फ्लॅटांचा एजंट. मुक्ताबाईला वाटलं, आला दिवस. कागद करायला माणूस येतोय. तिनं फरशी दोनदा पुसली, अंगावरचं लुगडं बदललं. आणि दारासमोर रांगोळी काढली, चांगली हातभर.

लिफ्ट उघडली. केयूरच्या मागे एक जोडपं होतं. तिशीचं, पाठीवर ऑफिसच्या पिशव्या.

"वा मावशी, रांगोळी! एक नंबर. मॅडम, घरात शिरतानाच व्हाइब बघा," केयूर म्हणाला आणि बुटांनिशी आत गेला. मागची दोघंही गेली. बाईनं रांगोळीवरून पाय उचलून टाकला, तेवढी तिची रीत. तिचं नाव ओवी. नवऱ्याचं शौनक. नारायण पेठेत वाढलेली पोरं, सध्या बाणेरला भाड्यानं.

"ईस्ट फेसिंग, फुल व्हेंटिलेशन. ओनर नव्वद म्हणतायत. पार्टी जेन्युइन असेल तर आपण बोलू."

शौनकनं भिंतीवर टिचकी मारली. "नव्वद लाखांत आख्खा मजला का?"

"सर, पुढच्या दिवाळीला हाच कोटीला जाईल. मेट्रो येतेय."

"मेट्रो मी शाळेत असल्यापासून येतेय."

"म्हणून तर आत्ता घ्या ना, सर. ह्या बिल्डिंगमध्ये फक्त दोनच शिल्लक आहेत."

दोनच! मुक्ताबाईच्या कमरेला अकरा किल्ल्या होत्या. नेमकं इथंच तर सगळं पाणी मुरतं. घर महाग का, म्हणून लोक टीव्हीवर तज्ज्ञ बोलावतात. सिमेंट महाग झालं म्हणतात, लोखंड महाग झालं म्हणतात. अहो, सातशे चारच्या नव्वदात सिमेंट-विटा कितीशा? खाचराच्या खऱ्या मालकिणीला तर एका साडीवर गुंडाळलेलं. बाकीची सगळी कुलपाची कमाई. आधी घरं अडवून ठेवायची, मग घरं मिळत नाहीत म्हणून ओरडायचं, आणि ओरड झाली की भाव वाढवायचा. रेशनच्या धान्याचं हे केलं तर दुकानदाराला आत टाकतात. घरांचं केलं तर त्याला गुंतवणूकदार म्हणून सोफ्यावर बसवतात.

पण त्या क्षणी मुक्ताबाईच्या डोक्यात ह्यातलं काही नव्हतं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि ओवी ओट्याखालचे कप्पे उघडून बघत होती.

"इथं काहीतरी डाग आहेत," ओवी म्हणाली.

"पुसून घेऊ, मॅडम. मावशी, जरा फडकं मारा."

"कुनाचा दावताय हा?" मुक्ताबाईनं विचारलं.

केयूरला प्रश्न कळला नाही. "कुणाचा म्हणजे? साहेबांचा." आणि जोडप्याकडे वळून हसत म्हणाला, "मावशी इथंच असतात, घरच्यासारख्या."

साईनाथचं ऑफिस पहिल्या टॉवरच्या तळमजल्यावर होतं. काचेचं दार, गरगर फिरणारी खुर्ची, भिंतीवर रंगरावांचा फोटो हार घालून. मुक्ताबाई आत शिरली तेव्हा तो फोनवर होता. त्यानं हातानंच बस म्हटलं. ती बसली नाही.

"सातशे चार कुनाचा हाय, साई?"

"बस गं आक्का. च्या सांगू?"

"च्या नको. सातशे चार?"

साईनाथनं फोन पालथा ठेवला. "हे बघ, घरचं म्हनून सांगतो. निकिताला शिकायला परदेशात धाडायचीय. तुजीच भाची हाय. बाकीच्या फ्लॅटांवर बँकेचा बोजा हाय, ह्यो एकच मोकळा. आन तुला त्यो झेपनार हाय का? म्हैन्याला मेंटेनन्स, वर्साला टॅक्स. लिफ्टमदी समदी इंग्लिश बोलत्यात. बावरून जाशील. तुज्याच भल्याचं बोलतोय मी."

"माजं भलं मला कळत न्हाई म्हन. शबुद कळतोय. तू गाडीत बोलला हुतास."

"गाडी चालवताना मानूस काय बी बोलतो, आक्का."

"सोजर हुती बाजूला."

"मग इचार की सोजरीला. हे घे, लावूनच देतो." त्यानं खरंच फोन लावला, आणि आवाज मोठा करून टेबलावर ठेवला.

मुक्ताबाईनं विचारलं. पलीकडे सोजरबाई बराच वेळ खाकरली. मग म्हणाली, "अगं, गाडीत एसी हुता. काचा बंद हुत्या. मला काय नीट ऐकू न्हाई आलं."

"काचा बंद असल्यावर जास्ती ऐकू येतं, सोजरे!"

"आता माजं वय झालं गं मुक्ते. न्हाई ध्यानात ऱ्हात. भावाशी वाद नको घालू. आपल्याला माहेर तेवढं एकच."

काचेपलीकडे साईनाथची पांढरी गाडी उभी होती आणि सोजरबाईचा मुलगा समाधान ती फडक्यानं पुसत होता. साईनाथनं त्याला ड्रायव्हर म्हणून ठेवला होता. समाधानच्या घराचे हप्तेही साईनाथच्याच ओळखीनं मिळालेल्या कर्जाचे. सोजरबाईला ऐकू का आलं नाही, ते मुक्ताबाईला समोरच दिसत होतं. तिनं फोनकडे पाहिलं, पण बहिणीला शिवी दिली नाही. शिवी तिच्या तोंडापर्यंत येऊन परत गेली.

साईनाथला वाटलं, झालं, मिटलं. तो खुर्चीत मागे रेलला. "आन खरं बोलू का, आक्का? राग मानू नको. सही तू केलीस. त्या सायबानं इचारलं हुतं, राजीखुशीनं का. व्हय म्हनलीस. म्या काय तुजा हात धरला हुता?"

"न्हाई. म्या तुला कडंवर धरला हुता. तिथंच चुकलं."

"झालं का सुरू! अगं, खोली हाय की तुला. म्या काढतोय का तुला भायेर? बाकीचे भाडं देत्यात त्या खोलीला!"

"आन म्या नळ सोडतीया तुजे, सालोसाल, त्याचं काय?"

साईनाथनं खिशातून पाकीट काढलं. तो ते उघडायच्या आत मुक्ताबाई बाहेर पडली.

ऋतुजा संध्याकाळी घरी आली तेव्हा आई चुलीशी नुसतीच बसली होती. सगळं ऐकून घेतल्यावर ती आधी मामाला बोलली, मग मावशीला. मग म्हणाली, "तू तुझा वाटा सोडलास, ते तुझं. पण त्यात माझा पण होता ना, आई? मी सातवीत होते. मला कोणी विचारलं?"

साईनाथचं बोलणं मुक्ताबाईनं तिथल्या तिथं परतवलं होतं. हे तिला परतवता आलं नाही.

पण ती रंगरावांची लेक होती. रडून गप्प बसणारी जात नव्हे. दोन दिवसांनी तिनं ठरवलं. कागदावर तिचं काही नाही, हे तिला कळून चुकलं होतं, तोंड मात्र तिचंच होतं. पुण्यात घर घेणारा माणूस एक वेळ भुताच्या घरात राहील, पण वादातल्या घरात राहणार नाही. 'भावाबहिणीचा वाद आहे' एवढे शब्द कानावर पडले की गिऱ्हाईक चहासुद्धा न पिता उठतं. हे एजंटांच्याच तोंडून तिनं किती वेळा ऐकलं होतं. तिनं मनात म्हटलं, मला मिळत नाही तर मिळत नाही. पण त्याला खुशाल विकूही देणार नाही.

ते जोडपं रविवारी पुन्हा आलं. मुक्ताबाई बी विंगच्या खाली, लिफ्टपाशीच उभी होती. केयूर गाडी लावायला गेला होता. तिनं ओवीचा दंडच धरला.

"ताई, ऐकून घ्या. ह्यो फ्लॅट घेऊ नका. ह्यात माजा वाटा हाय. ह्यी जमीन माज्या बापाची. भावानं मला शबुद दिला हुता आन फिरला. उद्या म्या कोर्टात जाईन. तुमचं पैसं अडकतील."

ओवीनं हात सोडवला नाही. तिनं शौनककडे पाहिलं, शौनकनं जमिनीकडे.

"काकू," ओवी हळू म्हणाली, "आम्हाला माहितीये. केयूरनं सांगितलं. ओनरची बहीण आहे, भेटेल, थोडी कुरबुर करेल. हक्कसोड झालेलं आहे म्हणे, वकिलानं बघितलं. म्हणून तर..."

"म्हनून तर काय?"

वाक्य शौनकनंच पुरं केलं, "म्हणून तर त्यांनी दोन लाख कमी केले."

मुक्ताबाईनं ते दोनदा मनात उच्चारून बघितलं. म्हणजे साईनाथला आधीच ठाऊक होतं, आक्का आडवी येणार. तो ते धरूनच चालला होता. फरशीला चीर असावी, नळ गळका असावा, तशी घराला एक बहीण आहे. दाखवून टाकायची आणि भावात थोडं खाली यायचं. तिचा राग, तिचा शब्द, चौथीत सुटलेली शाळा, कडेवरचं ते ओझं, सगळ्याची त्यानं आधीच किंमत करून ठेवली होती आणि गिऱ्हाइकाला सूट म्हणून देऊनही टाकली होती.

"दोन लाख," ती म्हणाली. "बरा भाव आला."

"काकू, प्लीज असं नका ना बोलू." ओवीचे डोळे भरले होते. "आम्हाला तरी कुठं परवडतंय? दोघांचे पगार मिळून हप्ता जाणार आहे, वीस वर्षं. आम्ही चार वर्षं घर बघतोय. जे बघतो ते महिन्याभरात हातातून जातं. आमच्याकडे तरी दुसरं काय आहे?"

मुक्ताबाईला तिच्यावर चिडायचं होतं. त्यासाठीच तर ती सकाळपासून उभी होती. पण समोर चोर नव्हता, आणखी एक लुटलेली पोर उभी होती. दोघींच्या खिशात हात घालणारा माणूस एकच. आणि तो काचेच्या दाराआड चहा पीत बसलेला.

केयूर किल्ली फिरवत आला. "काय मावशी, झाल्या गप्पा? चला, उघडा."

मुक्ताबाईनं कमरेचा जुडगा सोडला. पुढे काय होणार म्हणून केयूर क्षणभर मागे सरकला. तिनं काही केलं नाही. समाधान गाडीपाशी उभा होता, त्याला हाक मारली आणि जुडगा त्याच्या हातात ठेवला. "घे रं. तुज्या आईला सांग, आता ह्ये बी काम तुला लागलं. आन सातशे चारच्या मोरीत पानी सोड. चार दीस झालं, वास मारत आसंल."

"मावशी, मी काय..." समाधान म्हणतोय तोवर मावशी निघून गेली होती.

गोठ्यातल्या खोलीतून सामान हलवायला एक टेम्पो पुरला. कल्याणी दारात आली आणि म्हणाली, "अहो आक्का, असं तडकाफडकी कशाला? राहा की." पण खोलीला गिऱ्हाईक तिनं आदल्याच दिवशी ठरवलं होतं. तिघं पोरं गाद्या घेऊन टेम्पोच्या मागेच उभी होती. साईनाथ बाहेर आला नाही. त्याला म्हणे साइटवर काम होतं.

लोणी काळभोरला ऋतुजाच्या कॉलेजापासून थोड्या अंतरावर एक खोली मिळाली. महामार्गाच्या आत, एका शेतकऱ्याच्या घरामागे. इथंही बांधावर प्लॉटिंगच्या पाट्या लागल्या होत्या. इथंही अकरा महिन्यांचाच करार. घरमालकीण साठीची, तोंडात मिश्री, हातात विळा. तिनं मुक्ताबाईला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि तिकडची कुठलीही बाई आधी विचारते तेच विचारलं.

"माहेर कुठलं म्हनायचं तुमचं?"

"हिंजवडीकडं हुतं."

"हुतं म्हंजी? आता न्हाई?"

"न्हाई," मुक्ताबाई म्हणाली. "गेल्या म्हैन्यात विकलं."

मालकिणीला ते नीट समजलं नाही, पण कामापुरतं समजलं. "मंग पावनंरावळं यायचं न्हाईत तुमच्याकडं. ब्येस झालं. पान्याचा लई ताण हाय बघा हितं." तिनं विळ्यानंच अंगणाच्या कोपऱ्यातला नळ दाखवला. "सकाळी येतंय. भरून ठेवायचं, वाया घालवायचं न्हाई."

मुक्ताबाईनं मान हलवली आणि टेम्पोतून पोचे आलेली कळशी खाली घेतली.